आबांची मोसंबी आणि माझं पोट

मी ढब्बू बोलतोय. नरडाण्याजवळच्या एका खेड्यात उखर्डू आबांच्या ओट्यावर राहणारा कुत्रा. माझा जन्म कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात, सरकीच्या ढिगामागे झाला. तिथून आबांची सून कामिनी मला पदरात गुंडाळून घरी घेऊन आली.

मी गुणी होतो असं नाही. शेजारच्या भागाबाईंनी गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, मी दोनदा फस्त केल्या. दुसऱ्यांदा त्या काठी घेऊन धावल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "एक दिन तुले जहर घालसू!" मी ते फारसं मनावर घेतलं नाही. गल्लीने मात्र लक्षात ठेवलं.

यंदा आबांना कावीळ झाली. आजारी माणसाकडे येणारा प्रत्येकजण मोसंबीच का आणतो, हे मला अजून कळलेलं नाही. घरात मोसंबीची रास लागली. आबांचा जीव मात्र झणझणीत शेवभाजीसाठी तळमळत होता. कामिनी मोसंबी कापून खाटेवर ठेवायची आणि तिची पाठ वळली की आबांचा हात खाटेखाली यायचा. सोलायचा त्यांना कंटाळा. साल, बिया, सगळं माझ्या तोंडात. साल भलतीच कडू लागे, पण आबांचा हात परत कसा पाठवायचा?

रिकामी ताटली पाहून कामिनी चकित व्हायची. "आबा, साल बी खादं?"

"सालमांच ताकद ऱ्हास!" आबा गंभीरपणे सांगायचे. कामिनीने हे कौतुक गल्लीभर सांगितलं.

पाचव्या दिवशी माझ्या पोटाने दगा दिला. उलट्या, जुलाब. दुपारपर्यंत मला मानही उचलवेना. भागाबाई बघायला आल्या, तशी कामिनी रडत त्यांच्यावर धावली.

"तुम्हीच याले काहीतरी घालं, अक्का!"

"बोलनू खरी, पन घालं नही वं!" भागाबाई कळवळून म्हणाल्या. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोणीच भागाबाईंच्या बाजूने बोललं नाही. त्या डोळ्यांना पदर लावून जायला वळल्या.

तेवढ्यात गुरांच्या डॉक्टर पुनमताई आल्या. माझं पोट दाबून म्हणाल्या, "नक्की काय खाल्लंय ते सांगा. विषाचा उपचार वेगळा असतो. अंदाजाने औषध दिलं तर हा हातचा जाईल."

मी आबांकडे बघितलं. मला सांगता आलं असतं तरी मी त्यांचं नाव घेतलं नसतं.

आबा खाटेवरून उठले. भिंतीला धरत धरत ओट्यावर आले आणि आधी भागाबाईंसमोर उभे राहिले. "भागा, तुना काही दोष नही शे. बठ्ठ्या मोसंब्या मीच याले खवाड्यात. सालसगट."

कामिनीने कपाळावर हात मारला. मग तिने भागाबाईंचे पाय धरले. भागाबाई रडता रडता हसायला लागल्या. "म्हंजे ती ताकद याना पोटमां गयी!"

पुनमताईंनी मला सुई टोचली, सलाईन लावलं. म्हणाल्या, "मोसंबी-संत्र्याच्या एक-दोन फोडी कुत्र्याला कधीमधी चालतात, पण सोलून आणि बिया काढून. साल नाहीच. लिंबू तर मुळीच नाही." दोन दिवसांनी मी भाकरी मागितली.

आता आबा मोसंबी खातात. खावीच लागते, कामिनी समोर ठाण मांडून बसते. मला कधीतरी दोन फोडी मिळतात, सोललेल्या, बिया काढलेल्या.

मला हात जोडता येत नाहीत, म्हणून पंजा उचलून विनवतो. तुमच्या दारी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला दोनच फोडी द्या. तो तिसरीसाठी शेपूट हलवेल, डोळे बारीक करेल, जन्माचा उपाशी असल्यासारखा बसेल. मीही तेच करतो. आमचं अजिबात ऐकू नका.