आकडा स्थिर होईपर्यंत

काटेवाल्या काकांनी डाव्या हाताने पंख्याचं बटण बंद केलं, मनात वीस मोजले आणि मगच बरणीचं झाकण काढलं. काचेच्या पेटीतल्या वजनकाट्यावरचा आकडा एवढा वेळ तापाने फणफणलेल्या माणसासारखा थरथरत होता, तो निमूट उभा राहिला. लांब दांड्याच्या चमच्याने त्यांनी काळी भुकटी कागदाच्या वाटीत सोडली. चमचाभर भुकटीला चिमूटभर मिठाचंही वजन नव्हतं. आकडा हवा तिथे येऊन थांबला. काकांनी झाकण लावलं आणि पंखा पुन्हा सुरू केला.

पेटीच्या डोक्यावरचा हा पंखा आतली हवा ओढून बाहेर टाकायचा. तो चालू असला की भुकटी उडे, काटा नाचे आणि वजन काही हाती लागत नसे. पंखा बंद करून वजन घ्यायची युक्ती काकांनी स्वतः शोधून काढली होती. नऊ वर्षांत त्यांचं एकही वजन चुकीचं म्हणून परत आलं नव्हतं. वरच्या साहेबांना वाटे, काकांच्या हातातच काहीतरी आहे. काकांनी तसंच वाटू दिलं. युक्ती सांगितली ती फक्त धाकट्या मुलीला, तीही याच कारखान्यात काट्यावर लागली तेव्हा. चार महिन्यांपूर्वी साहेबांनी धाकटीला आवारापलीकडच्या नव्या इमारतीत वजनखोलीची मुख्य केलं. त्या दिवशी काका घरी सरळ रस्ता सोडून लांबच्या वाटेने गेले होते. वाटेत भेटेल त्याला सांगता यावं म्हणून.

जेवणाच्या सुट्टीआधी जुन्या इमारतीतल्या सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. बाहेरून एक बाई शिकवायला आल्या होत्या. मागे पडद्यावर लिहिलं होतं, ‘नॅनो पदार्थांची ओळख’.

“आपण जी भुकटी बनवता, तिचा एक कण केवढा असतो, सांगा बरं,” बाईंनी विचारलं आणि डोक्यावरचा एक केस उपटून वर धरला. “हा केस उभा चिरायचा. जाडीचे निदान पाच हजार भाग करायचे. त्यातला एक.”

“मॅडम, मला नका मागू हं केस,” टक्कल पडलेला ड्रायव्हर म्हणाला. “मोजके उरलेत.”

हशा पिकला. बाईही हसल्या. मग त्यांनी सांगितलं की वस्तू इतकी लहान झाली की तिचा स्वभावच पालटतो. सोन्याचे असे कण पाण्यात सोडले तर पाणी लाल दिसतं. चांदीचे कण कापडात घातले तर वास आणणारे जंतू मरतात. तसले मोजे बाजारात मिळतात.

“एक जोड मला आणा,” पॅकिंगवाला म्हणाला. “बायको घरात तरी घेईल.”

“आणि तुमची भुकटी,” बाई म्हणाल्या, “म्हणजे कार्बनच्या बारीक नळ्या. टायरमध्ये, मोबाइलच्या बॅटरीत, सायकलच्या सांगाड्यात. वजनाला काही नाही आणि ताकद पोलादाहून जास्त.”

काकांची मान ताठ झाली. आपण काय तोलतो हे त्यांना आज पहिल्यांदा कोणी नीट सांगत होतं. त्यांनी हात वर केला.

“ही उडाली तर खाली बसायला किती वेळ लागतो?”

“साधी धूळ बसते, काका. ही तासन्‌तास तरंगते. दिसत मात्र नाही.”

“आणि नाकात गेली तर?”

“मोठी धूळ नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. ही अडकत नाही. छातीच्या तळाशी जाते.”

“तिथून बाहेर कधी येते?”

बाईंनी हातातला केस कुठे ठेवावा असं इकडेतिकडे पाहिलं. “माणसांचं अजून नीट कोणालाच माहीत नाही. उंदरांवर पाहिलंय. ते काही चांगलं नाही. म्हणून तर पेटीला पंखा आहे. तो चालू असतोच ना तुमचा?”

“असतोच,” तीन-चार जण एकदम म्हणाले. काकांनी हात खाली घेतला.

हवेतले कण मोजणारं डब्याएवढं यंत्र बाईंनी वजनखोलीत आणून ठेवलं. पंख्याची घरघर चालू होती. यंत्रावर चार हजार आले. “बोटाच्या पेराएवढ्या हवेत एवढे. रस्त्यावरही इतके असतात, काळजी नको,” असं म्हणून त्या जेवायला गेल्या.

काका डबा न उघडता बसून राहिले. मग उठले, दार लोटलं, पंखा बंद केला आणि रोजच्यासारखं एक वजन घेतलं. यंत्रावर नऊ हजार झाले. मग चाळीस हजार. काकांनी झाकण लावलं तरी आकडा चढतच होता. लाखाच्या पुढे गेल्यावर त्यांनी यंत्राकडे पाठ केली. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. त्या उन्हात एक कणही दिसत नव्हता.

त्यांनी पंखा लावला आणि आवार ओलांडून नव्या इमारतीकडे चालू लागले. अर्ध्या वाटेपासून ते जवळजवळ पळतच होते.

नव्या वजनखोलीत ओळीने पाच पेट्या होत्या आणि पाच मुली. एकीच्या खांद्यावर हात ठेवून धाकटी काही समजावत होती. कागदी मास्क तिच्या हनुवटीवर उतरलेला होता. रंग उजळ, डोळे स्वच्छ. ना खोकला, ना शिंक. काकांना त्याचीच भीती वाटली.

“बाबा! या ना,” ती म्हणाली. “मुलींनो, हेच ते. यांचीच युक्ती.”

“काका, तुमची लेक फार कडक आहे हं,” टोकाची मुलगी म्हणाली. “वीस मोजायच्या आत झाकणाला हात लावला तर बोटं मोडीन म्हणते.”

काकांनी धाकटीकडे पाहिलं. “सगळ्यांना शिकवलंस?”

“मग मी एकटीनेच करत बसू? दोन्ही पाळ्यांना शिकवलं.” तिने आवाज खाली आणला, पण चेहऱ्यावरचं हसू काही आवरेना. “आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कारखान्यातून आठ जण येतायत. माझ्याकडे शिकायला. साहेबांना मी सांगितलंय, हे सगळं माझ्या बाबांचं.”

“अगं, ऐक...”

“थांबा, आधी बघा तर. दाखवा गं बाबांना!”

पाच हात पाच बटणांवर गेले. घरघर थांबली. मुलींचे ओठ हलत होते. मग एकामागून एक झाकणं निघाली. कोणाचा हात हलला नाही, कोणाचा चमचा कशाला लागला नाही. पाचही आकडे स्थिर उभे राहिले. इतकं नेटकं काम काकांनी स्वतःचंही कधी पाहिलं नव्हतं.

“काय, जमलं ना?” धाकटी जवळ आली. तिने त्यांचा दंड धरला. “बाबा? असे का बघताय? बोला ना काहीतरी.”

तेव्हा काकांच्या लक्षात आलं की आपण मघापासून श्वास रोखून धरला आहे. बोलायचं तर आधी तो आत घ्यावा लागणार होता.