देवीदासभाऊंच्या कमरेचा चार्जर

मित्रांनो, मी एक जुना चार्जर आहे. मोबाइलचा नव्हे, माणसाचा! हिंदी मुलखातल्या भनपुरीच्या देवीदासभाऊंच्या कमरेला पट्ट्याने बांधतात, तो मी.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या भाऊंचे हात फार थरथरायचे. निम्मा चहा बशीत, निम्मा लुंगीवर. औषधांनी गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी मणक्यापाशी बारीक तारा बसवल्या आणि कातडीखाली छोटे यंत्र ठेवले. "खात्री नाही, करून पाहू," असे ते म्हणाले होते. पण यंत्रातली मंद वीज मणक्याला मिळू लागली आणि हात बरेच शांत झाले. त्या यंत्राचे पोट भरणे हे माझे काम. तेव्हा माझे काय कौतुक होते! भाऊंच्या पत्नी सत्यभामाबाई मला मऊ फडक्याने पुसायच्या.

भाऊंची मुलगी रुचिता हिने स्वतः मुलगा पसंत केला, म्हणून भाऊ तिच्याशी अबोला धरून होते. अखेर राग निवळला. ते म्हणाले, "पोट्टे, तुह्या लग्नात बुद्धापुढची मेणबत्ती मीच लावीन." रुचिता रडत रडत हसली.

लग्नघरात पाहुणे जमले. प्लगवरून मला काढून कोणीतरी आपला मोबाइल लावला. गरज सरो, वैद्य मरो! मी गाद्यांखाली गेलो.

सत्यभामाबाईंनी मला शोधून काढले. "अजी, पट्टा बांधा ना. मशीन उतरली असंन."

"पाहुण्यांसमोर? पोरीच्या बापाले मशीन लागते म्हनतीन लोकं. मंग बांधतो."

लग्नाच्या सकाळी यंत्र बंद पडले. मेणबत्तीसाठी भाऊंना हाक आली, तेव्हा त्यांचा हात खिशात थरथरत होता. ते जागचे हललेच नाहीत. शेवटी मेणबत्ती मामाने लावली.

निरोप घेताना रुचिताने विचारले, "बाबा, अब भी नाराज़ हो क्या?"

भाऊंनी मान फिरवली. खरे कारण सांगायची लाज वाटली. मी सत्यभामाबाईंच्या पिशवीत पडून सारे ऐकले. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, ज्याच्या आधाराने आपले चालते, त्याला जपा. आधार लागतो हे सांगण्यात कमीपणा नसतो. आणि आपल्या माणसाला खरे वेळेवर सांगा.

भाऊ आता मला न चुकता बांधतात. हात शांत असतात. त्या शांत हातात ते फोन घेतात, त्यात रुचिताचे नाव शोधतात आणि फोन तसाच खाली ठेवतात.