आनंदराव फडतरे यांचा बदलीचा अर्ज

निलय गावंडेला देवाधर्माचं वेड नव्हतं, क्रिकेटचं नव्हतं, आणि एकोणतिसाव्या वर्षी मुलींचंही बेताचंच होतं. त्याला वेड होतं ब्राउझरचं. आता असलं वेड चारचौघांत सांगायचं म्हणजे पंचाईतच. जयपूरच्या त्या विमा कंपनीच्या कचेरीत इंटरनेट म्हणजे पडद्यावरचा निळा ‘ई’, एवढंच सगळ्यांना ठाऊक. कॉम्प्युटरसोबत आला, तो वापरायचा. लग्नात आलेल्या भांड्याला कुणी नावं ठेवतं का? निलय ठेवायचा.

डबा खाताना तो सुरू व्हायचा. वेबचं पान कसं लिहावं याचे जगभर ठरलेले नियम आहेत, नियमानं लिहिलेलं पान कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडलंच पाहिजे. दिवा कुठल्याही कंपनीचा आणा, होल्डरमध्ये बसतो ना? मग पान एकाच कंपनीच्या ब्राउझरमध्ये का उघडावं? लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “गावंडेजी, बत्ती जल रही है ना? बस.” निलय स्वतःच्या पैशानं फायरफॉक्सच्या सीडी करून वाटायचा. त्यातल्या निम्म्या लोकांनी चहाच्या पेल्याखाली ठेवल्या आणि एकानं स्कूटरच्या मागे दोऱ्यानं बांधली, रात्री चमकते म्हणून.

वर्षभराच्या प्रचारातून त्याला एकच शिष्य मिळाला, तो म्हणजे आनंदराव फडतरे. वय पंचावन्न, गाव सातारा, मुक्काम जयपूरच्याच दुर्गापुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या. आनंदरावांची बायको मधुमती साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची नोकरी राज्याबाहेर हलत नव्हती आणि आनंदरावांची बदली होत नव्हती. अकरा वर्षं नवरा एका गावात, बायको दुसऱ्या. दिवाळी आणि मे महिना सोडला तर संसार फोनवर.

शिष्य मिळाला तोही फजितीतून. दिवाळीच्या सुटीत मधुमतीकाकू जयपूरला आल्या होत्या. आनंदराव कॉम्प्युटरवर मराठी पेपर वाचायला बसले, तर पेपरच्या आधी पडद्यावर कमी कपड्यांतल्या बायका उगवल्या. एक खिडकी बंद करावी तर दोन नव्या उघडत. मागे काकू चहाचा कप घेऊन उभ्या.

“अकरा वर्षं इथं हेच वाचता होय?” काकू म्हणाल्या. “मग बदलीचा अर्ज तरी कशाला करताय? करता ना नक्की?”

दुसऱ्याच दिवशी आनंदरावांनी निलयला घरी बोलावलं. निलयनं फायरफॉक्स, म्हणजे तो कोल्ह्याच्या चित्राचा ब्राउझर, बसवला, निळा ‘ई’ पडद्यावरून काढून टाकला आणि पेपर उघडून दाखवला. एकही बाई उगवली नाही. “कोल्हा हाय खरा, पण राखणदार झ्याक हाय की!” आनंदराव खूश होऊन बोलले. त्यांनी निलयला पिठलं-भाकरी खाऊ घातली. त्या दिवसापासून निलय त्यांच्या घरचाच झाला.

पुढच्या मार्चमध्ये कंपनीनं पहिल्यांदाच बदलीचे अर्ज कागदावर घ्यायचं बंद केलं. मुख्य कचेरीनं पोर्टल काढलं होतं. एकतीस मार्चच्या आत त्यावर अर्ज भरायचा आणि मे महिन्यात याद्याही तिथंच लागणार, कुणालाही घरबसल्या पाहता येतील अशा. निलयनं आपला अर्ज कचेरीतच भरला. कचेरीच्या कॉम्प्युटरवर बाहेरचं काही बसवायला मनाई होती, त्यामुळं एवढा मोठा प्रचारक मुकाट्यानं निळ्या ‘ई’वर बसला. तीन ठिकाणं भरणं सक्तीचं होतं. अकोला घातलं, नागपूर घातलं, आणि तिसरं काही सुचेना म्हणून रोज कानावर पडणारं सातारा घालून टाकलं. खाली हिरव्या अक्षरांत पावतीचा नंबर आला. विषय संपला.

आनंदरावांचं मात्र सगळं निराळं. “काका, इथंच भरून टाका ना, दहा मिनिटांचं काम आहे,” निलय म्हणाला, तर त्यांनी मान हलवली. “कचेरीत नको. दहा डोळ्यांपुढं केलेल्या कामाला दृष्ट लागती.” त्यांनी पंचांग पाहिलं, संकष्टीचा दिवस धरला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आंघोळ करून, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून, उपाशी पोटी घरच्या कोल्ह्यावर अर्ज भरला. ‘पाठवा’चं बटण दाबण्याआधी म्हणे पाच मिनिटं डोळे मिटून बसले होते.

चंद्रोदयानंतर उपास सोडायला निलयला आमंत्रण होतं. उकडीचे मोदक पाहून तो हबकलाच. बाईमाणूस घरात नसताना या माणसानं एकट्यानं एकवीस मोदक वळले होते, निम्मे फुटलेले.

“काका, पावतीचा नंबर लिहून घेतला ना?”

“शूऽऽ!” आनंदरावांनी बोट ओठांवर ठेवलं. “निघालेल्याला मागनं हाक मारू नये. कुठं चाललास, पोचलास का, काही विचारायचं नसतं. बटण दाबलं, पान पांढरं झालं. गेला.”

“पांढरं झालं? खाली हिरव्या अक्षरांत काही—”

“निलय, मोदक खा.”

निलयला संशय आला होता, खोटं कशाला बोला. नियमानं न लिहिलेलं पान त्याच्या लाडक्या ब्राउझरमध्ये असंच पांढरं होतं, हे त्याच्याइतकं त्या घरात कुणाला माहीत होतं? उठावं, कॉम्प्युटर लावावा, एकदा तपासावं, एवढंच करायचं होतं. पण तपासलं आणि अर्ज गेला नसला तर? वर्षभर ज्याच्या आरत्या ओवाळल्या तो कोल्हा एकुलत्या एक शिष्यापुढं तोंडावर आपटणार. शकुन-अपशकुनाची आनंदरावांची आडकाठी निलयला त्या घटकेला फार सोयीची वाटली. त्यानं मोदक खाल्ला. चार खाल्ले.

पाच एप्रिलला मुख्य कचेरीचं परिपत्रक ई-मेलनं आलं; तसलं काही उघडून वाचणारा तिथं निलय एकटाच. त्यावर तारीख अठ्ठावीस मार्चची होती, पण परिपत्रकांना सावकाश यायची सवयच असते. पोर्टल फक्त ठरवून दिलेल्या ब्राउझरवर चालतं. दुसऱ्या ब्राउझरवरून भरलेले अर्ज दाखल झालेले नाहीत. संबंधितांनी एकतीस मार्चच्या आत ते पुन्हा भरावेत.

निलयनं ते तीनदा वाचलं. तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं तिथल्या तिथं मुख्य कचेरीला लांबलचक ई-मेल लिहिली: तुमचं पोर्टल नियमानं लिहिलेलं नाही, चूक तुमची आहे, एका कर्मचाऱ्याचं आयुष्य अडकलं आहे. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. ठरवून दिलेला ब्राउझर वापरावा. मुदत संपली आहे. त्यानं पुन्हा लिहिलं. या वेळी एकच ओळ आली, तीही पहिल्या दोनांतलीच.

म्हणजे बरोबर निलयच होता. आणि त्याच्या बरोबर असण्याचा आनंदरावांना कवडीचा उपयोग नव्हता.

सांगायचं तर होतंच. तो रोज सकाळी ठरवून निघायचा आणि रोज संध्याकाळी तसाच परत यायचा. कारण आनंदराव आता हवेत होते. त्यांनी घरमालकाला मे अखेर खोल्या सोडतो म्हणून सांगून टाकलं. कपाट शेजाऱ्याला दिलं, गादी दुधवाल्याला दिली. मेच्या पहिल्या आठवड्यात, जयपूरचा पारा चव्वेचाळीसवर असताना, कूलरसुद्धा देऊन टाकला! ओला पंचा डोक्यावर घेऊन हा माणूस जमिनीवर चटई टाकून झोपायचा आणि सकाळी कचेरीत येऊन म्हणायचा, “आता थोडेच दिवस काढायचे की.”

निलयची झोप उडाली. शिकार सापळ्यात अडकते तेव्हा निदान सापळा दुसऱ्यानं लावलेला असतो. इथं सापळा त्यानं स्वतःच्या हातानं, सीडीवरून, फुकट बसवून दिला होता. आज सांगितलं तर काका विचारणार, महिनाभर गप्प का बसलास? उद्या सांगितलं तर आणखी एक दिवस वाढणार. दर दिवशी ते अवघड होत गेलं, आणि त्यानं ते अवघड होऊ दिलं. भित्रेपणाला दुसरं नाव नसतं.

पंचवीस मेला याद्या लागल्या. मंजूर झालेल्यांची एक, नामंजूर झालेल्यांची एक. कचेरीतली माणसं निळ्या ‘ई’भोवती गोळा झाली. निलय मागेच उभा होता. पुढून कुणीतरी ओरडलं, “गावंडेजी, मुबारक हो! सातारा!”

साताऱ्यात एकच जागा होती. ती निलय गावंडेला मिळाली होती.

तो धावतच व्यवस्थापकांकडं गेला. मला नको, फडतरेंना द्या. व्यवस्थापकांनी चष्म्यावरून पाहिलं. बदली नाकारली तर तीन वर्षं अर्ज करता येणार नाही, आणि जागा तुम्ही सोडली म्हणून फडतरेंना कशी मिळेल? त्यांचा अर्ज कुठाय? जागा रिकामी राहील, बस. निलयनं जाऊन आनंदरावांचं भलं होणार नव्हतं आणि राहूनही होणार नव्हतं.

संध्याकाळी तो दुर्गापुऱ्याला गेला. आनंदराव रिकाम्या खोलीत चटईवर बसले होते. समोर पेढ्यांचा पुडा होता, निलयसाठी आणलेला.

“ये. तोंड गोड कर,” ते म्हणाले. “माझं गाव तुला लाभू दे. पण मला एक कळंना. मंजुरीत माझं नाव नाही, ते असू दे. नामंजूरमध्येसुद्धा नाही. असं कसं होईल?”

निलयनं सांगितलं. पांढरं पान, परिपत्रक, दोन ई-मेल, संकष्टीच्या रात्री आलेला संशय, सगळं. सांगताना तो रडला आणि ते त्यानं लपवलंही नाही. आनंदराव ओला पंचा हातात पिळत ऐकत राहिले. ओरडतील, निदान एक थोबाडीत देतील, असं निलयला वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. काकूंचा फोन. साताऱ्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या सायबर कॅफेत बसून त्यांनीही दोन्ही याद्या वाचल्या होत्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आनंदरावांनी दोनच शब्द ऐकले आणि फोन निलयच्या हातात दिला. “तूच सांग. माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

निलयनं पुन्हा सगळं सांगितलं. कोल्ह्याचा ब्राउझर, नियम, पोर्टल. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते कानाला खोटं वाटायला लागलं. खरं असूनही खोटं वाटावं असं काही तो आयुष्यात प्रथमच बोलला असेल.

पलीकडं काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“निलय, तीस वर्षं मी शाळेत शिकवते,” त्या म्हणाल्या. “वही बकरीनं खाल्ली, वही ओढ्यात वाहून गेली, सगळं ऐकलंय. कोल्ह्यानं खाल्ली हे तेवढं नवीन. तुम्हाला त्यांनी बोलायला लावलंय, तुमचा दोष नाही. आजवर याद्या त्यांच्या कचेरीच्या भिंतीवर लागायच्या, मला काय दिसणार? यंदा दिसल्या. अर्ज करणाऱ्याचं नाव कुठंतरी असतंच ना? इकडं नाही तर तिकडं.”

“काकू, शप्पथ सांगतो. उपास करून भरला होता त्यांनी. मोदक केले होते.”

“त्यांना म्हणावं, आता करू नका. मी वाट बघायचं थांबवलंय.”

फोन बंद झाला. निलयला आनंदरावांकडं बघवेना. त्या रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता, त्यांनी सगळं ऐकलंच असणार.

“काका, मी साताऱ्याला गेलो की पहिल्यांदा त्यांच्या घरी जातो. परिपत्रक दाखवतो. ई-मेल छापून नेतो. पटवून देतो त्यांना. त्यांचा गैरसमज—”

“गैरसमज नाही तो,” आनंदराव म्हणाले.

निलयनं मान वर केली.

“दहा वर्षं मी अर्ज केलाच नव्हता. फॉर्म आणायचो, भरायचो आणि त्या कपाटात ठेवायचो. तिला सांगायचो, दिला.” त्यांनी पंचा बाजूला ठेवला. “आधी वाटलं, एक वर्ष जाऊ दे. एकट्याची सवय लागली रे. मग भीती वाटाय लागली, की इतक्या वर्षांनी एका घरात जमायचं कसं. अन् दिवाळीत तिला गाडीत बसवून द्यायला गेलो, तर गाडी सुटताना म्हणाली, मला आता एकटीला जेवण जात नाही.”

बाहेर कुणीतरी अंगणात पाणी मारत होतं. आनंदरावांनी पेढ्यांचा पुडा निलयकडं सरकवला.

“या वर्षीचा तेवढा खरा होता.”