कोपऱ्यातलं टिंब

मी उष्णतामापक बोलतोय. कौलांच्या भट्टीच्या मागच्या भिंतीवर एकतीस वर्षं आहे. पितळी चेहरा, एक काटा, काचेला एक तडा. बोलायची सवय नाही. दाखवायची आहे.

कौलवाल्याने मला बसवलं खरं, पण त्याला माझी गरज नव्हती. जाळाचा रंग बघून तो आग थांबवायचा. तरी प्रत्येक भट्टीला तीन आकडे वहीत लिहायचा: मातीची ओल, माझा काटा, आगीचे तास. कौलं निवली की चौथा: शंभरात कच्ची किती निघाली. खाडाखोड कधी नाही.

त्याची बायको जमेल तेव्हा डबा घेऊन यायची. माझ्या शेजारचं मागचं दार सताड उघडून उंबऱ्यावर बसायची. म्हणायची, आमच्याकडे दोनच तोंडं लाल, एक भट्टीचं, एक ह्यांचं. तो हसायचा नाही. पण त्या दिवशी जेवण पुरवून पुरवून खायचा.

ती गेली. दाराला कडी लागली. कडी गंजली.

पुढे त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, सगळे रंग वेगळेच दिसू लागले आणि जाळाचा रंगच ओळखू येईना. लागोपाठ दोन भट्ट्या कच्च्या निघाल्या. तिसरीही गेली तर भट्टी विकायची, असं बापलेकीत ठरलं.

लेक शिकलेली. वहीतले आकडे तिने संगणकात भरले. ओल, काटा आणि तास सांगितले की कच्ची किती निघतील ते आधीच कळावं, अशी वक्ररेषा तिला बसवायची होती. रेषा बसेना. कितीतरी ठिपके लांब उडाले. काटा खाली, तरी कौलं पक्की.

"बाबा, हे आकडे अंदाजाने लिहिलेत का?"

"अंदाजाने मी काही लिहीत नाही."

माझाही काटा शरमला. ते आकडे माझे होते.

त्याने वही तिच्यापुढे सरकवली. मग म्हणाला, "त्या पानांच्या कोपऱ्यात टिंब आहे का बघ."

तिने पानं उलटली. "आहे. मला वाटलं शाईचा डाग."

"डाग नाही. त्या दिवशी तुझी आई आली होती."

लेकीने टिंबावर बोट ठेवलं. तोच खाली बघत म्हणाला, "दार उघडं असायचं. वारा लागला की हा तीस अंश कमी दाखवतो."

तिने आणखी एक रकाना वाढवला. टिंब असेल तर एक, नसेल तर शून्य. पुन्हा रेषा बसवली. उडालेले ठिपके एकेक करून जवळ आले.

तिसरी भट्टी पेटली. रेषेने सांगितले तितके तास लेकीने मोजले. त्याने हातोडीने कडी ठोकून काढली, दार उघडलं आणि उंबऱ्यावर बसला. माझा काटा खाली आला.

"बाबा, आता काय लिहू?"

"टिंब दे."

शंभरात दोन कच्ची निघाली. भट्टी राहिली.

आता माझ्या जागी आकडे उजळणारं नवं यंत्र येणार आहे. ते वाऱ्याला फसत नाही म्हणे. येऊ दे. मला खुशाल उतरवा. माझं मागणं एकच आहे. त्या दाराला पुन्हा कडी लावू नका.