चोवीस खळगे
पाच फळ्या, चार जोड, दर जोडाला सहा बिस्किटं. म्हणजे बिस्किटं चोवीस आणि खाचा अठ्ठेचाळीस. लेकीने दोनदा मोजल्या. सगळ्या खाचा बाबांनी स्वतः पाडल्या होत्या.

गेल्या वर्षापासून बाबांचा उजवा हात थरथरत होता. पटाशीने पाडलेली खाच सैल पडू लागली, तेव्हा लेकीने खाचा पाडायचं मशीन आणलं. फळीच्या कडेला टेकवून पुढे ढकललं की पातं आत जाऊन अर्धगोल खाच पाडतं. समोरासमोरच्या दोन खाचांत गोंद भरून लाकडाची दाबून चपटी केलेली चकती बसवायची. तिलाच बिस्किट म्हणतात.

"चाळीस वर्षं लाकडाला लाकूड जोडलं," बाबा म्हणाले होते. "आता म्हातारपणी त्याला बिस्किटं चारू?"

"चारून तर बघा."

"आणि नाही पचली तर?"

"मशीन परत करू."

"मशीन कशाला, मीच घरी बसतो. हे टेबल बिघडलं तर हत्यारं तुझी."

ते हसले नाहीत. टेबल वाचनालयाचं होतं आणि बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे लेकीला ठाऊक होतं.

पण मशीन फळीवर घट्ट टेकलं की हाताची थरथर पात्यापर्यंत पोचत नव्हती. खाचा एकसारख्या पडल्या. सोमवारी दोघांनी गोंद लावून फळ्या क्लॅम्पमध्ये आवळल्या.

"आता आठवडाभर हात लावू नका," लेक म्हणाली. "गोंदातलं पाणी पिऊन बिस्किट फुगतं, त्याच्यावरचं लाकूडही फुगतं. ते वाळू दे." आणि ती दोन दिवसांसाठी एका घरी कपाटं बसवायला गेली.

आज जोडलं की उद्या रंधा, ही बाबांची जन्माची सवय. मंगळवारी क्लॅम्प सुटले आणि टेबल आरशासारखं सपाट झालं.

गुरुवारी ती परतली. खिडकीतून तिरकं ऊन येत होतं. जोडांच्या रेषांवर, ओळीने, लांबट खळगे दिसत होते. तिने मोजले. चोवीस.

"मंगळवारी सपाट होतं गं," बाबा म्हणाले. "माझे डोळेही गेले की काय?"

"तेव्हा सपाटच होतं. फुगलेलं लाकूड तुम्ही रंधून काढलंत. आता ते वाळून खाली बसलं."

बाबांनी एप्रन काढून खुंटीला अडकवला. "ठरल्याप्रमाणे."

लेकीला राग आला. टेबलासोबतच बाबांनी चाचणीसाठी जोडलेला एक तुकडा तिने वाइसच्या पकडीत धरला आणि वरून हातोडा घातला. चौथ्या घावाला लाकूड चिरलं, जोडापासून दोन बोटांवर. जोड जागचा हलला नव्हता.

"हा जोड कुणी केला?"

बाबा चिरेवरून अंगठा फिरवत राहिले.

"तुमच्या हाताने काही बिघडवलं नाही. घाई नडली."

"चाळीस वर्षं हीच घाई केली. कधी नडली नाही."

"तेव्हा बिस्किटं नव्हती."

"म्हणजे दोष बिस्किटांचाच!" म्हणत त्यांनी एप्रन पुन्हा अंगात घातला. रंध्याकडे हात गेला, तसा तिने रंधा कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

मग रोज सकाळी ते टेबलावर पोलादी सरळपट्टी आडवी ठेवत आणि खालच्या फटीत गेजच्या, ठरावीक जाडीच्या पातळ पात्या एकेक सरकवून बघत. खळग्यांची खोली त्यांनी मिलिमीटरमध्ये भिंतीवर लिहिली: ०.२०, ०.२५, ०.३०, ०.३०. पाचव्या दिवशीही ०.३० आली.

"झोपलं लाकूड," बाबा म्हणाले. "किल्ली दे."

त्यांनी दोन्ही हातांनी रंधा धरला आणि सावकाश चालवला. मग रंधा स्वतःच तिच्या हाती देऊन आणखी आठ दिवस थांबले.

नवव्या दिवशी लेकीने सरळपट्टी प्रत्येक बिस्किटावर आडवी ठेवली. गेजमधली सर्वांत पातळ पाती पाच शतांश मिलिमीटरची होती. ती कुठेच आत गेली नाही.