दुसऱ्या डिस्कवरचे फोटो

लेक मनू गेल्यापासून कान्हाला एकाच गोष्टीची धास्ती होती, आणि ती म्हणजे घरातला कॉम्प्युटर. म्हातारा झाला होता बिचारा. सुरू होताना कण्हायचा, मध्येच बंद पडायचा, आणि मनूचे होते नव्हते ते सगळे फोटो त्याच्याच पोटात होते. पाच वर्षांचं लेकरू मागं ठेवणार तरी काय? दोन फ्रॉक, एक पाटी आणि हे फोटो. उद्या डिस्क उडाली तर पोर पुन्हा एकदा जाईल असं त्याला वाटायचं, आणि ते दुसऱ्यांदा सोसायची ताकद त्याच्यात नव्हती.

म्हणून त्यानं शहापूरच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पंकजला खर्डीच्या घरी बोलावलं. पंकज तोंडाची टकळी सुरू ठेवून हातानं काम उरकणारा गडी. त्यानं कान्हासमोरच कोऱ्या डिस्कचं सीलबंद पाकीट फोडलं, ती जुनीच्या खाली बसवली आणि एक प्रोग्राम टाकून दिला. जुन्या डिस्कवर जे असेल ते रोज संध्याकाळी नवीवर आपोआप उतरणार होतं.

"एक मेली तरी दुसरी हाय, दादा. आता निवांत झोपा," तो म्हणाला.

कान्हाची बायको दामिनी या सगळ्याकडे फिरकलीसुद्धा नाही. कॉम्प्युटरमधले फोटो ती बघतच नसे. भिंतीवरच्या मनूच्या एका फोटोला रोज सकाळी झेंडूचा ताजा हार घालायचा, एवढंच तिनं स्वतःसाठी ठेवलं होतं.

मनू गेली त्या सालच्या सुगीत भाताची पोती घरातच रचलेली होती. पोत्यांना उंदीर येतात आणि उंदरांमागून मण्यार येते, हे खर्डीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पोत्यांलगतची निजायची जागा दामिनीची होती, आणि त्या रात्री दाराच्या फटीतून गार वारा येत होता, म्हणून तिनं मनूला उचलून आपल्या जागेवर निजवलं आणि स्वतः दाराकडे सरकली. सकाळी मनूच्या पोटात दुखायला लागलं. अंगावर कुठं खूण नाही, रक्ताचा थेंब नाही; दामिनीनं तिला कोमट पाण्यातून ओवा दिला. मण्यारीचा दात लागलेला कळत नाही आणि पोट तेवढं दुखतं, हे दवाखान्यात समजलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यावर दामिनी एकच वाक्य बोलली होती, "जागा माझी होती."

डिस्क बसवल्यावर एका रविवारी कान्हा नवीवर सगळे फोटो उतरलेत का ते बघत बसला होता. बारशाचा होता, अंगणवाडीतला होता, आणि एका फोटोत मनू पडक्या दातांनी खदाखदा हसत होती. त्यालाही हसू आलं. मग चहाचा घोट घेताघेता त्याच्या ध्यानात आलं, की मनूचा एकही दात पडलेला नव्हता.

जुन्या डिस्कवर तो फोटो नव्हता. बहिणीची पोर असेल मुरबाडची, त्यानं स्वतःची समजूत घातली. मन मोठं लबाड असतं. जे ठाऊक असतं तेच आधी झाकून ठेवतं.

पुढच्या रविवारी आणखी फोटो होते. मनू शाळेच्या गणवेशात. मनू स्टेशनच्या रस्त्यावर लाल सायकलवर. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत ती कान्हाच्या खांद्यावर बसली होती, मागं घोंगड्यांची दुकानं होती, आणि कान्हाच्या अंगात मनू गेल्यानंतर, याच दिवाळीला घेतलेला निळा सदरा होता. दामिनी कुठंच नव्हती. घरात काढलेल्या एका फोटोत मागच्या भिंतीवर हार घातलेली चौकट दिसत होती. तिच्या काचेवर उजेड पडल्यानं आतला चेहरा दिसत नव्हता. ती मोठी करून बघण्याचं धाडस कान्हाला झालं नाही. तो घाबरला होता, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त सुखावला होता.

पंकज पुन्हा आला. त्यानं दोन्ही डिस्क पाहिल्या आणि मान हलवली.

"नवीवरच जास्त हाय, दादा. तुमी फोटो हिच्यावरच टाकत असाल. उलटं करा. हिच्यावरचं जुनीवर उतरवा, दोन्ही सारख्या होतील. हे एक बटन दाबायचं. फक्त जुनीवर हाय नि हिच्यावर नाय, ते पुसलं जाईल. बघा हां." मग पडद्याकडे बघून तो हसला. "पोरगी गोड हाय. शाळेत जाते?"

"जाते," कान्हाच्या तोंडून निघून गेलं.

दामिनी आतून चहा घेऊन येत होती. ती उंबऱ्यातच थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कान्हा आंघोळ करून आला, तर ती कॉम्प्युटरसमोर बसलेली होती. एकेक फोटो ती सावकाश पुढं सरकवत होती. डोळ्यांत टिपूस नव्हतं. उलट कित्येक दिवसांनी चेहरा सैल झाला होता.

"सायकल येते की तिला," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "आन् मी कुठं हाय यात?"

कान्हा पंचानं ओलं डोकं पुसत राहिला.

"ते बटन कंचं म्हनला पंकज?"

"हात लावू नको, दामिनी."

"नाय लावत. तुमी जा, टाइम झाला तुमचा."

वाशिंदच्या कारखान्यात त्याची दिवसपाळी होती. निघताना खिडकीत पंकजनं विसरलेला स्क्रूड्रायव्हर त्याला दिसला. कॉम्प्युटरचा डबा उघडून नवी डिस्क काढून घ्यायला कितीसा वेळ लागला असता? तो स्क्रूड्रायव्हरकडे बघत उभा राहिला, मग कॉम्प्युटर तसाच सुरू ठेवून, पास खिशात टाकून घराबाहेर पडला. दिवसभर त्यानं घरी फोन केला नाही.

संध्याकाळी तो परतला तेव्हा ओट्याला लाल सायकल टेकवलेली होती. घरात झेंडूचा वास भरून राहिला होता.

"बाबा, आलात?" आतून पळत येऊन कुणीतरी त्याच्या गळ्याला मिठी मारली, आणि पडक्या दातांतून बोबडं बोलत सांगितलं, "आज हार मीच बदलला. स्टुलावर चढले ना, हात पुरला माझा."

कान्हा खाली बसून बुटाची नाडी सोडत राहिला. नाडी केव्हाच सुटली होती. पण मान वर केली असती तर समोरची भिंत दिसली असती.