एक प्रदेश, एक मत

राज्य पुनर्रचना झाली आणि पद्माकर हुद्दार बेळगावहून बेंगळुरूच्या सचिवालयात आले, ते नाक वर करूनच. पाच मुलखांतले कारकून आता एकाच म्हैसूर राज्याचे झाले होते. त्यांची सेवाज्येष्ठता कशी धरावी, यासाठी कर्मचाऱ्यांनी समिती नेमली. प्रत्येक प्रदेशाला एक मत. बेळगावसकट जुन्या मुंबई राज्यातून आलेल्यांचं मत पद्माकररावांचं, कोडगूचं, म्हणजे कूर्गचं, बोपय्या नावाच्या एका अबोल हेडक्लार्कचं.

"कोडगूचे सगळे कारकून आमच्या एका रेकॉर्ड रूममध्ये मावतील," पद्माकरराव म्हणत, "आणि मत मात्र आमच्याइतकंच."

एका बैठकीत बोपय्यांनी हुत्तरीची, म्हणजे त्यांच्याकडच्या सुगीच्या सणाची सुटी मागितली. त्यात तास गेला. पद्माकररावांचं डोकं उठलं. त्यांनी तिथल्या तिथे ठराव मांडला: दर हजार कारकुनांमागे एक मत.

"आम्ही सहाशेच आहोत," बोपय्या म्हणाले.

"मग नुसतं ऐकायला या."

जुन्या म्हैसूरचे भीमाचार्य तपकीर ओढून म्हणाले, "सरी, बरोबर आहे. न्यायाचंच बोलणं आहे." त्यांनी हात वर केला. हैदराबादवाल्यांनीही केला. ठराव पास.

"एकाची चार मतं करून आलो," संध्याकाळी चामराजपेटेतल्या बिऱ्हाडी पद्माकररावांनी सांगितलं.

त्यांच्या पत्नी हेमलताबाईंनी विचारलं, "आणि म्हैसूरवाल्यांची?"

"आठ."

"बाकी सगळ्यांची मिळून?"

"आपली धरून सात. पण त्या आठ म्हैसूरवाल्यांचं आपसात कुठे पटतंय? तुला नाही कळायचं त्यातलं."

पुढच्या महिन्यात भीमाचार्यांनी जुनाच ठराव पुन्हा आणला: नोकरी धरायची ती कायम झाल्याच्या तारखेपासून. मुंबईकडे माणसं दहा-दहा वर्षं हंगामीच राहत. मागे हा ठराव एकाविरुद्ध चार मतांनी पडला होता. आता म्हैसूरचे आठही हात एकदम वर गेले. पद्माकररावांच्या सतरा वर्षांची सहा झाली, आणि त्यांच्याहून वयाने दहा वर्षांनी लहान माणूस त्यांचा साहेब झाला.

म्हैसूर सोडून बाकी चारही प्रदेशांच्या सह्यांसाठी निषेध लिहून ते बोपय्यांच्या टेबलाशी गेले.

"कोडगूचा म्हणून मला सही करता येणार नाही," बोपय्या शांतपणे म्हणाले. "तुमच्या ठरावाने मी समितीवर उरलो नाही."

"तुमचंही नुकसानच झालं ना?"

"झालं. मागच्या खेपेला मी तुमच्या बाजूने हात वर केला होता. पाहिलात का?"

पद्माकररावांनी तो कधी पाहिलाच नव्हता. कागद उचलून ते निघाले. निषेध तीन सह्यांनी गेला आणि फाइलला लागला.

"त्या कोडगूवाल्यात दमच नाही," घरी येऊन ते म्हणाले. हेमलताबाई तांदूळ निवडत राहिल्या.